सुम्मेवाली रत्नमाला

एकोडीच्या रत्नमाला शहारेला दोन गोष्टींचा तिटकारा होता, एक चिखल आणि दुसरी माणसं. चिखलाचं ठीक आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून बारा पावसाळे तिनं लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, कमरेत वाकून धानाचं रोवणं केलं होतं, बोटांची नखं कुजवून घेतली होती. हे सगळं करूनही ज्याला चिखल आवडतो तो माणूस नक्की कुठंतरी भाषण देत असणार. पण माणसांनी तिचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. तरी एकदा का ती साकोलीच्या ऑफिसात खुर्चीवर बसली, की तिला गावातलं प्रत्येक डोकं रिकामं दिसायला लागलं.

ऑफिस कसलं, बसस्टँडच्या मागच्या गल्लीतली एक खोली. इकडचे जुने मालगुजारी तलाव आहेत ना, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ते वाचवण्यासाठी भुपेंद्र सरांनी एक संस्था काढली होती. तलाव वाचवणार म्हणजे काय करणार, तर तलावात किती पाणी आहे ते मोजणार आणि कागदावर लिहून जर्मनीला पाठवणार. तिकडून मदत येई. भुपेंद्र सर स्वतः तलावाच्या पाळीवर फारसे चढत नसत, चढले तर फोटोपुरते. रत्नमाला बारावी पास, अक्षर वळणदार, म्हणून तिला नोंदी ठेवायला घेतलं. सरांबद्दल तिचं मत पहिल्याच महिन्यात ठरलं होतं. 'बुशर्टाले इस्त्री, डोस्क्याले सुरकुती नाही,' असं ती घरी संघपालला, म्हणजे नवऱ्याला, सांगे. संघपाल हसे. त्याच्याबद्दलचं तिचं मतही काही फार वेगळं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं.

तर त्या जर्मनीतून एकदा उर्सुला नावाची बाई आली. साठीची, उंचपुरी, उन्हानं टमाट्यासारखी लाल झालेली. तिनं येताना आपला जुना लॅपटॉप संस्थेला द्यायला आणला. भुपेंद्र सरांनी तो उघडला, दोन बटणं दाबली, वाय दाबला तर झेड उमटला, झेड दाबला तर वाय, आणि त्यांनी तो लगेच रत्नमालापुढं सरकवला. "हे तुमच्या लेव्हलचं आहे," म्हणाले. उर्सुलाबाई तीन आठवडे रत्नमालाशेजारी बसली. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला जर्मन येत नव्हती आणि इंग्रजी दोघींचीही बेताचीच. पण ती बाई हाताला धरून शिकवणारी होती. बेरीज करायची तर हे लिही. पाणी तीन मीटरच्या खाली गेलं तर लाल, नाहीतर हिरवं, असं करायचं तर हे लिही. एका यादीतलं गाव दुसऱ्या यादीत शोधायचं तर हे. रत्नमालानं दोनशे पानी वहीत सगळं उतरवून घेतलं. बेरजेला सुम्मे. 'जर तर'ला वेन. शोधाशोधीला स्वेरवाईस. दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम नाही, अर्धविराम. दशांश लिहायचा तर टिंब नाही, स्वल्पविराम.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. तो लॅपटॉप जर्मन, त्यातलं एक्सेल जर्मन, आणि एक्सेलची सूत्रं ज्या भाषेचं एक्सेल त्या भाषेत असतात. इंग्रजीत जे सम, ते जर्मनमध्ये सुम्मे. जे इफ, ते वेन. हे साधं सत्य रत्नमालाला कोणी सांगितलं नाही, आणि तिनं कोणाला विचारलं नाही. तिला शाळेतलं इंग्रजी आठवत होतं, त्यात हे शब्द नव्हते, मग तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं की डॉक्टरांचं इंग्रजी जसं वेगळं असतं तसं कॉम्प्युटरचंही वेगळं असतं. विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं. विचारलं की समोरच्याला आपल्याला येत नाही हे कळतं, एवढी अक्कल तिला होती, आणि दुर्दैवानं तेवढीच होती.

पण काम? कामाला तिच्या तोड नव्हती, हे मान्यच करायला पाहिजे. सात वर्षांत तिनं त्रेचाळीस तलावांच्या नोंदी अशा बसवल्या की एक आकडा टाकला की अकरा पानं आपोआप बदलायची. भुपेंद्र सर ती फाईल पेन ड्राइव्हवर घेत, आपल्या मशीनवर उघडत, रंगीत प्रिंट काढत आणि नागपूरच्या बैठकांमध्ये 'आमची प्रणाली' म्हणून वाचत. आकड्याच्या एखाद्या घरात, म्हणजे चौकोनात, क्लिक करून आत काय लिहिलंय हे बघण्याची इच्छा त्या गृहस्थाला सात वर्षांत एकदा झाली नाही. झाली असती तर पुढचं महाभारत टळलं असतं.

आणि रत्नमालाचं नाक? ते दरवर्षी इंचभर वर. आषाढात ती पांढरी सँडल घालून बांधावरून बस पकडायला निघाली की कुंताबाईची रोवण्याची टोळी बांधीत वाकलेली असे. कुंताबाई या टोळीची म्होरकी, साठीला टेकलेली, एका ओळीत पंधरा बायांना चालवणारी. ती हाक मारी, "काय वो रत्नमाला, कुठी चालली?"

"मोजाले. तुम्ही रोवा, मी मोजतो."

"कायनं मोजते वो?"

"सुम्मेनं. तुले सांगून काय समजन!"

बाया खिदळत. तेव्हापासून गावात तिचं नाव सुम्मेवाली पडलं. तिला वाटे हा मान आहे.

याच काळात ऑफिसात खुशबू नावाची पोरगी महिनाभर शिकायला आली होती. सानगडीची, वीस वर्षांची, भंडाऱ्याच्या क्लासातून कॉम्प्युटर शिकलेली, पिशवीत प्रमाणपत्र प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. त्या प्लास्टिकनंच रत्नमालाचं डोकं फिरलं. तिनं पोरीला लॅपटॉपपुढं बसवलं, "कर बेरीज." खुशबूनं सम लिहिलं. मशीननं तिला 'नेम?' असा प्रश्न टाकला, म्हणजे हे नाव मी ओळखत नाही. तिनं इफ लिहिलं. तेही मशीननं घेतलं नाही. मग तिनं एका तलावाची खोली टिंब देऊन भरली, साडेतीन मीटर, तर मशीननं त्याची तारीख करून टाकली. तीन मे. टिंब दिलं की जर्मन मशीनला तारीखच दिसते. रत्नमाला खुर्चीत मागं रेलून हसली, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बोलावून हसली. "तलावात पाणी किती? तीन मे! अन् हे शिकलेली पोरगी!"

खुशबू रडवेली झाली, पण तिनं पडद्यावरचे शब्द नीट वाचले आणि म्हणाली, "काकू, हे एक्सेल जर्मन भाषेत आहे. म्हणून मी लिहिलेली नावं ते घेत नाही."

"मशीन जर्मन आहे हे मलेही माहीत आहे. हिशोबही जर्मन असते का? दोन अन् दोन तिकडं पाच होते?"

"तसं नाही काकू, शब्द…"

"पुरे. येत नाही त्याची कारणं सांगाले नाही पाहिजे. तुह्या प्रमाणपत्राची पुंगळी कर अन् चुलीत घाल."

तिसऱ्या दिवशी खुशबू आली नाही. रत्नमालानं 'तीन मे' चा किस्सा पुढची चार वर्षं एकोडीच्या प्रत्येक लग्नात सांगितला. दर वेळी स्वतःच आधी हसायची.

मग संस्थेची परदेशी मदत बंद झाली. मार्चमध्ये खोलीला कुलूप लागलं, भुपेंद्र सर नागपूरला दुसरं काहीतरी वाचवायला निघून गेले, आणि लॅपटॉप रत्नमालाकडे राहिला, कारण तो कोणालाच नको होता. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये रोहिण्या बरसल्या, लोकांनी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकले. कुंताबाईनं संघपालला हटकलं, "एक बाई कमी पडून राहिली टोळीत. तुही बायको येते का यंदा? रिकामीच तर बसली आहे."

संघपालनं घरी येऊन भीत भीत निरोप सांगितला. रत्नमालानं ताटावरून हात उचलला. "मी मरन, पण त्या बायांच्या ओळीत नाही उभी राहणार. सात वर्षं त्यांच्या समोरून सँडल घालून गेली मी. आता त्यांच्यासंग चिखलात रोपांचे बुडखे दाबू?"

"मग काय करशीन?"

"सानगडीच्या कंपनीत परीक्षा आहे सोमवारी. त्यायले कॉम्प्युटरवाली पाहिजे. माह्यासारखी या जिल्ह्यात आहे तरी कोण?"

ही सानगडीची कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून काढलेली धान खरेदीची कंपनी. कोणाचं किती पोतं आलं, धानात ओल किती, कोणतं परत पाठवायचं, हे सगळं लिहायला एक माणूस हवा होता. ही नोकरी मिळाली तर सँडल पायात राहणार होती. नाही मिळाली तर पंधरा दिवसांनी बांधी, आणि कुंताबाईची ओळ. रत्नमालाला हे नीट माहीत होतं, म्हणून तिनं इस्त्रीची साडी नेसली आणि जाताना वही घेतली, लॅपटॉपही रेक्झिनच्या पिशवीत घालून घेतला. वापरायचा म्हणून नाही. लोकांनी बघावा म्हणून.

कंपनीच्या गोदामाला लागून एक खोली होती. तिथं अध्यक्ष गोपीचंदभाऊ बसले होते, धोतर-टोपीतला, शंभर पोती डोळ्यांनी मोजणारा माणूस. दोन पोरं आधीच येऊन बसली होती, दोघांच्या पायात चपला धड नव्हत्या. रत्नमालानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना मोजणीतून काढून टाकलं. मग आतून परीक्षा घेणाऱ्या मॅडम आल्या. मॅडम म्हणजे खुशबू.

तिनं रत्नमालाला ओळखलं होतं. "या काकू, बसा," म्हणाली, आणि तिला कंपनीच्या मशीनपुढं बसवलं. रत्नमालाला आधी घाम फुटला आणि मग, स्वभावाला औषध नसतं, हसू फुटलं. तीन मे आपली परीक्षा घेणार! दिवसच तसे आले आहेत, दुसरं काय.

अर्ध्या तासाचं काम होतं. दोनशे शेतकऱ्यांची यादी. पोत्यांची बेरीज करा. ओल सतरा टक्क्यांच्या वर असेल तिथं 'परत' येऊ द्या, नसेल तिथं 'घ्या'. शेतकऱ्याच्या नंबरावरून गाव शोधून लावा. एवढंच. रत्नमाला मनात म्हणाली, हे तर मी भाकर थापता थापता करन.

तिनं बेरजेच्या घरात सुम्मे लिहिलं, रकाना दिला, एंटर दाबलं.

'नेम?'

तिनं पुसलं, पुन्हा लिहिलं, एक एक अक्षर दाबून. 'नेम?'. तिनं वेन लिहिलं, अर्धविराम देऊन. या वेळी मशीननं 'नेम?' सुद्धा विचारलं नाही, एक चौकट पुढ्यात आणून उभी केली की या सूत्रात गडबड आहे. स्वेरवाईसचीही तीच गत. एका घरात वाय लिहायला गेली तर झेड उमटला, कारण तिची बोटं सात वर्षं उलट्या जागांना सरावलेली. शेजारच्या तुटक्या चपलेवाल्या पोरानं बेरीज केली होती, ओलीच्या रकान्यात त्याचे 'परत' आणि 'घ्या' भराभर उतरत होते. रत्नमालाच्या पडद्यावर दोनशे घरं रिकामी. पाचवं मिनिट, दहावं, पंधरावं. माणूस अशा वेळी दोन गोष्टी म्हणू शकतो. एक, मला काहीतरी कळत नाहीये. दुसरी तिनं म्हटली.

"तुमची मशीन खराब आहे."

गोपीचंदभाऊंनी मान वर केली. "मशीन तर नवीन आहे, बाई."

"नवीन असन, पण बेअक्कल आहे. इले सुम्मे समजत नाही. पाहा, मी दाखवतो." आणि तिनं पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर आदळला. खुशबूनं स्वतः उठून प्लग लावून दिला, यादी पेन ड्राइव्हवर घालून दिली.

मग रत्नमालाचे हात चालले. खरंच, बघण्यासारखं होतं. सात मिनिटांत बेरीज, ओल, गावं, वर गावागावाची वेगळी बेरीज, परतीची पोती लाल, घ्यायची हिरवी. दोन्ही पोरं आपलं काम सोडून मागं येऊन उभी राहिली. गोपीचंदभाऊ चष्मा लावून वाकले. "वा! हे आमच्या मशीनवर घेता येईन का?"

"मशीनले अक्कल असन तर घेईन," रत्नमाला म्हणाली, आणि पेन ड्राइव्ह खुशबूपुढं फेकल्यासारखा टाकला.

खुशबूनं फाईल कंपनीच्या मशीनवर उघडली. सगळं जसंच्या तसं आलं, रंगासकट. रत्नमालानं विजयानं खोलीभर नजर फिरवली. खुशबूनं बेरजेच्या घरावर क्लिक केलं.

"काकू, हे वाचता का?"

रत्नमालानं वाचलं. तिथं सुम्मे नव्हतं. सम होतं.

खुशबूनं दुसऱ्या घरावर क्लिक केलं. वेन नव्हतं. इफ होतं, आणि मध्ये अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम. स्वेरवाईसच्या जागी व्हीलुकअप. तेच शब्द, जे त्या प्लास्टिकमधल्या प्रमाणपत्रवाल्या पोरीनं साकोलीत लिहिले होते आणि ज्यांच्यासाठी झेरॉक्सवाल्याला हसायला बोलावलं होतं.

"मी काही नाही बदललं," खुशबू शांतपणे म्हणाली. "फाईल एका भाषेच्या एक्सेलमधून दुसऱ्यात गेली की सूत्रं आपोआप बदलतात. हातानं लिहिली तर नाही बदलत. तुमचं एक्सेल जर्मन आहे काकू. तेव्हाही तेच सांगत होती मी."

रत्नमालाला समजलं होतं. ती मूर्ख नव्हती, हाच तर सगळा ताप होता. सात वर्षांची वही, आणि त्यातलं एकेक पान परक्या भाषेचं.

गोपीचंदभाऊंना यातलं अवाक्षर कळलं नाही. त्यांना लाल आणि हिरवं कळलं होतं. "अवो, काम तर पक्कं येते ना बाईले! भाषाबिषा शिकन चार दिवसांत. खुशबू, या बाईलेच ठेवू."

"हाव, ठेवू ना," खुशबू म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि रत्नमालाला तेच सगळ्यात जास्त झोंबलं. "डोस्कं काकूचं चांगलं आहे. नावं तेवढी नवीन शिकावी लागतीन, ती मी शिकवतो. महिनाभर माह्याजवळ बसजा काकू. चालन?"

चालन म्हणायचं होतं. एक शब्द. नाहीतर नुसती मान हलवली असती तरी भाऊंनी रजिस्टर पुढं केलं असतं. पण समोर खुशबू होती, मागं दोन पोरं, आणि रत्नमालाच्या जिभेला आयुष्यभर एकच वळण लागलेलं.

"मले शिकवणारी अजून जन्माले यायची आहे," ती म्हणाली. "नावं शिकायची असतीन तर तुमच्या मशीनले शिकवा."

लॅपटॉपची वायर तिनं भिंतीतून ओढून काढली. गोपीचंदभाऊ "अवो बाई, अवो, ऐका तर" म्हणत दारापर्यंत आले. तिनं मागं पाहिलं नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र वही उघडली, पहिल्याच पानावर उर्सुलाबाईनं गोल काढून दाखवलेलं सुम्मे होतं, आणि एकोडी येईपर्यंत ती त्या एका शब्दाकडेच बघत बसली. घरी संघपालनं विचारलं, काय झालं. "बयताडांची, बिनडोकांची कंपनी आहे ते," म्हणाली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. चार दिवसांनी कळलं की शेजारी बसलेल्या त्या तुटक्या चपलेवाल्याला ठेवलं.

आषाढ लागला. घरात खाणारी तोंडं होती, आणि साहेबीण म्हणून कोणी फुकट जेवू घालत नाही. एक दिवस सकाळी रत्नमाला साडीचा काष्टा मारून कुंताबाईच्या टोळीत जाऊन उभी राहिली. बायांनी एकमेकींना कोपरं मारली. कोणीतरी "सुम्मे आली वो" म्हणालं. कुंताबाईनं त्या बाईला दटावलं आणि रत्नमालाच्या हातात पऱ्ह्यांची पेंढी दिली.

पहिली अर्धी ओळ रत्नमाला नाक मुरडतच चालली. ही मधेच गप्पा मारते, ती तिरपी लावते, तिसरीची पेंढी सुटते. एकीलाही धड येत नाही. रत्नमाला अर्ध्यावर येईपर्यंत सगळ्या बाया मागं सरकत लांब गेल्या होत्या. मग तिनं मान वर करून समोर पाहिलं. तिच्या ओळीतली रोपं एक एक करून सुटून वर आली होती आणि पाण्यावर आडवी तरंगत होती. सात वर्षांत बोटं विसरली होती. मुळं किती खोल दाबायची, अंगठा कुठं ठेवायचा, काही आठवेना.

तिनं तरंगणारं एक रोप उचललं, पुन्हा दाबलं. ते पुन्हा वर आलं. पाठीमागं पंधरा बायांची ओळ, आणि त्यांतली एक कुंताबाई.

"कुंताबाई," रत्नमालानं हाक मारली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मले येऊन नाही राहिलं. दाखवता का?"

कुंताबाई चार पावलं पुढं आली. हसली नाही. रत्नमालाचा अंगठा धरून तिनं रोपासकट चिखलात घातला, दाबला आणि सोडला. रोप उभं राहिलं. मग ती आपल्या जागेवर परत गेली. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.